डेंग्यू, कंबरेतलं रक्त आणि सुनंदावरचा आळ

डेंग्यूतून उठलेल्या माणसाला लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. प्लेटलेट किती खाली गेल्या होत्या, आणि पपईच्या पाल्याचा रस घेतला का. दोन्हींची उत्तरं देऊन देऊन मला कंटाळा आला आहे. लोक ऐकतात, त्यांच्या मेव्हण्याच्या प्लेटलेट माझ्यापेक्षा कशा खाली गेल्या होत्या ते सांगतात आणि चहा पिऊन जातात. तापात तुम्ही स्वतःच्या मनानं कुठली गोळी घेत होतात का, हे मला एकाही पाहुण्यानं विचारलं नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं. तेव्हा मी खोटं बोललो. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी सोलापुरात शुक्रवार पेठेत राहतो. एका महाविद्यालयाच्या ऑफिसात अधीक्षक आहे. वय पन्नाशीच्या पुढं. कमी बोलणारा माणूस म्हणून ओळख आहे. लोकांना ते शहाणपण वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

पिंपं

आजाराचा पहिला राग निघाला तो पिंपांवर. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. येईल तेव्हा पिंपं, घागरी, बादल्या, मोठी पातेली, जे सापडेल ते भरायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत त्याच्यावर राखण करायची. आमचं मूळ गाव उजनीच्या पाण्याकाठी. तिथं माझे थोरले भाऊ, अण्णा, ऊस आणि केळी करतात. मोटारीचं बटण दाबलं की पाणी. तेच पाणी पाइपातून आमच्या पेठेत यायचं म्हटलं की कुठं अडकतं, देव जाणे.

महापालिकेच्या एक बाई डासांच्या अळ्या बघायला यायच्या. पिंपात बॅटरी मारायच्या आणि म्हणायच्या, "हे ओतून द्या, घासून कोरडं करा."

माझी बायको सुनंदा त्यांना म्हणायची, "ओतते की ताई. उद्या पाणी सोडायला सांगा, आत्ता ओतते."

बाई हसायच्या. त्यांच्याही घरी पिंपच असणार. आम्ही पिंपावर जुनी साडी बांधायचो आणि आपण फार काळजी घेतो असं समजायचो.

ताप आला तो प्रवेशाच्या दिवसांत. डोळ्यांच्या मागं कोणीतरी अंगठे रोवून बसलंय असं दुखायचं. हाडं तर अशी, की कूस बदलायची म्हटली तरी आधी मनाची तयारी करावी लागे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, डेंग्यू आहे. "फक्त पॅरासिटामॉल. दुखण्याची दुसरी कुठलीही गोळी घ्यायची नाही. रक्तस्राव होतो. पाणी प्या, पडून राहा, रक्त तपासत राहा." सुनंदा शेजारी बसून ऐकत होती.

तिला माझं ठाऊक होतं. माझी कंबर जुनी दुखरी. दुखण्याच्या गोळ्या मी चणे-फुटाण्यासारख्या खात आलो होतो. घरी आल्या आल्या तिनं कपाटाचा खण उघडला, सगळ्या पट्ट्या काढल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. "झालं," म्हणाली, "आता मोहच नको."

एक पट्टी माझ्या चष्म्याच्या डबीत होती. ती मला आठवली आणि मी गप्प बसलो.

जोर दे

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा फोन. "काळे, आराम करा. पण तुम्ही नसलात की इथं सगळं अडतं हो." हे वाक्य ऐकून मला किती बरं वाटलं हे सांगायला आज लाज वाटते. मी दोन गोळ्या घेतल्या. ताप उतरला, अंग हलकं झालं, आणि स्कूटर काढून ऑफिसला गेलो. सुनंदाला सांगितलं, फक्त सह्या करून येतो. तिसऱ्या दिवशीही तेच. लोक म्हणाले, काळे साहेब, तुम्हाला डेंग्यू झालाय असं वाटतच नाही. मलाही वाटत नव्हतं.

त्या संध्याकाळी कंबर धरली. मी चटईवर पालथा पडलो आणि सुनंदाला म्हणालो, जरा तुडव.

हे शहरातल्या वाचकांना सांगावं लागेल. आमच्या गावाकडं उसाच्या मोळ्या वाहून आलेला माणूस ओसरीवर पालथा पडतो आणि घरातल्या पोराला पाठीवर चालायला लावतो. याला पाठ तुडवून घेणं म्हणतात. वडील आम्हाला उभं करायचे. लग्नानंतर मी सुनंदाला शिकवलं. ती अक्कलकोटची, शिक्षकाच्या घरातली. पहिल्यांदा तिला नवऱ्याच्या पाठीवर पाय ठेवायचं म्हणजे पाप वाटलं होतं. नंतर सवय झाली.

त्या दिवशी मात्र ती तयार नव्हती. "अहो, डॉक्टर आराम करा म्हणालेत. तुडवा म्हणालेत का?"

"तू डॉक्टर आहेस का?"

"तुम्ही तरी आहात का?"

"सुनंदा, जीव चाललाय माझा. चढ."

तिनं खिडकीचे गज धरले, आधी एक पाय ठेवला, मग दुसरा. "हळूच देते."

"जोर दे," मी म्हणालो. "अजून दे."

सकाळी डावा पाय सरळ होईना. जांघेत आतून कुणीतरी घट्ट पीळ दिल्यासारखं. न्हाणीघराच्या दारात गुडघा वाकला आणि मी खाली बसलो तो बसलोच. सुनंदानं शेजाऱ्यांना हाक मारली, रिक्षा आणली, दवाखान्यात पोचलो.

दुर्मीळ

तिथल्या डॉक्टर मॅडम वयानं लहान, माझ्या पुतणीएवढ्या. स्कॅन बघून आल्या आणि म्हणाल्या, "कंबरेच्या आत एक मोठा स्नायू असतो, पाय वर उचलणारा. त्याच्यात रक्त साठलंय."

"रक्त?" मी म्हणालो. "नाकातून नाही, हिरड्यांतून नाही."

"तेच. ते आम्ही नेहमी बघतो. हे फार क्वचित होतं."

क्वचित या शब्दाचा मला नंतर फार संताप आला. शिकाऊ डॉक्टर यायचे, माझा वाकलेला पाय बघायचे, मांडीवर कापूस फिरवून विचारायचे, "कळतंय का?" आणि आपसात इंग्रजीत बोलून जायचे. एकजण तर जाताना थँक्यू म्हणाला. पाय माझा, दुखणं माझं, आणि आभार कसले मानतो? क्वचित होणाऱ्या गोष्टीला क्वचितच कोणाकडं तयार उत्तर असतं. सगळे म्हणणार, बघू, थांबू, उद्याच्या रिपोर्टवर ठरवू.

त्या पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "पडलात का? मार लागला? इंजेक्शन घेतलं? मालिश? दुखण्याच्या गोळ्या?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा म्हणाली, "मॅडम, मी त्यांची पाठ तुडवली. पायानं."

मॅडमचं पेन थांबलं. "तुडवली म्हणजे?"

सुनंदानं सांगितलं. काही लपवलं नाही, माझ्यावर ढकललं नाही. जोर दे असं मी म्हणालो होतो, तेही सांगितलं नाही.

"तुम्ही डेंग्यूच्या पेशंटच्या पाठीवर उभ्या राहिलात?"

"हो."

मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं. मग माझ्याकडं वळल्या. "आणि गोळ्या?"

"फक्त पॅरासिटामॉल," मी म्हणालो.

"बाकीच्या मी फेकून दिल्या मॅडम," सुनंदा म्हणाली. "माझ्या हातानं."

माझ्या खोट्याला माझ्या बायकोनं साक्ष दिली. तिला ते खोटं आहे हे ठाऊकही नव्हतं.

तुमचे किती?

दवाखान्यातला दिवस प्लेटलेटच्या आकड्यांवर चालायचा. सकाळी रक्त घेऊन जायचे आणि मग रिपोर्ट येईपर्यंत सगळ्या वॉर्डाला चैन नसायची. नातेवाईक एकमेकांना नाव विचारत नसत. "तुमचे किती?" "पस्तीस हजार. तुमचे?" "बावीसवर आलेत." शाळेचा निकाल लागल्यासारखं. ज्याचे वाढले त्याच्या घरची माणसं चहा सांगायची. कोणी पपईचा रस, कोणी शेळीचं दूध, कोणी किवी. शेळीचं दूध घेऊन आलेला एक सोयरा मी ते पीत नाही म्हणून माझ्यावरच रागावला. रक्तदात्यांसाठी सुनंदा फोनवर फोन करत होती. ऑफिसातले शिपाई आले, काही विद्यार्थी आले. त्यांतल्या एकाचं प्रवेशाचं काम मी त्याच आठवड्यात नियमावर बोट ठेवून परत पाठवलं होतं. त्यानं ते मनात ठेवलं नाही, किंवा ठेवलं असेल तरी हात पुढं केला.

संध्याकाळी अण्णा आले. गावाहून मोटरसायकलवर, मागं केळीचा घड बांधून. सुनंदानं त्यांनाही सगळं सांगितलं. तिला वाटलं असेल, सांगितलं की हलकं होईल.

अण्णा वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आगं सुनंदा, त्यो काय गवताचा भारा हाय व्हय, तुडवायला? डागदरनं पडून ऱ्हा म्हणल्यावर तू त्येच्यावर चढलीस?"

"चुकलं अण्णा."

"चुकलं म्हनून रगत परत जातंय व्हय? आता तू भायेर बस. हितं मी बघतो."

ती बाहेर बाकड्यावर जाऊन बसली. मी डोळे मिटून पडलो होतो. जागा होतो.

त्याच रात्री दुखणं असह्य झालं. सलाइनमधून मिळणारं औषध मला पुरत नव्हतं. वर्षानुवर्षं तीव्र गोळ्यांची सवय लागलेलं अंग ते. सुनंदा जेवण द्यायला आत आली तेव्हा मी म्हणालो, "चष्म्याची डबी दे, पेपर बघतो." तिनं पिशवीतून काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात ठेवली.

मी एक गोळी घेतली. पुढच्या दिवशी आणखी एक.

माझा हात नको

पुढच्या दिवशी मांडी पुढून बधिर झाली आणि रक्ताचं प्रमाण आणखी उतरलं. पिशव्या चढल्या. मॅडम वैतागल्या होत्या. "रक्त आतापर्यंत थांबायला हवं होतं. का थांबत नाही कळत नाही." पुण्याला हलवायचं का, अशी चर्चा सुरू झाली. पुणे म्हटल्यावर अण्णांचाही आवाज खाली आला. आमच्याकडं पेशंट पुण्याला नेला म्हणजे लोक काय समजायचं ते समजतात.

त्याच दुपारी मला बेडपॅन हवं होतं. अण्णा खाली औषधं आणायला गेले होते. सुनंदा पलंगाजवळ उभी होती, हात पोटाशी धरून.

"सिस्टर, जरा येता का?" तिनं हाक मारली.

सिस्टर आल्या, कामाच्या घाईत. "अहो काकू, नुसता पाय उचलायचाय. तुम्ही धरा, मी सरकवते."

"नको," सुनंदा म्हणाली. "माझा हात नको."

हे तीन शब्द मी ऐकले. इतकी वर्षं एका घरात राहिलो, ताप, नात्यातली बाळंतपणं, आईचं शेवटचं आजारपण, सगळं या हातांनी केलं. आणि आता ती मला शिवायला घाबरत होती. एवढं ऐकूनही मी तेव्हा बोललो नाही. वाचकांना हे कळावं म्हणून लिहितो. कारण अशा हकिगती वाचताना वाटतं की माणसाचं काळीज एका क्षणात हलतं. माझं हललं, पण तोंड उघडलं नाही.

का? पहिलं, लाज. ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका काढणं हेच माझं काम. दुसरं, सुनंदानं आपणहून दोष घेतल्यावर माझ्यावरची नजर हटली होती, आणि ते मला सोयीचं वाटलं.  तिसरं सगळ्यात घाण कारण: मला ती गोळी हवी होती. सांगितलं असतं तर काढून घेतली असती.

डबी

पुण्याचं ठरवायला मॅडम आल्या तेव्हा मी एकटा होतो. सुनंदा बाहेर, अण्णा गाडीचं बघायला गेलेले. मॅडमनी जांघेवर हात ठेवला, मी ओरडलो. त्या म्हणाल्या, "काळे, एकदा परत विचारते. आठवून सांगा. काही म्हणजे काहीही?"

मी मेलो तर काय, याची भीती होतीच. पण मी मेलो तर हे सुनंदाच्या नावावर कायमचं राहणार, हे त्या वेळी पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. मी उशाची डबी उचलून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी उघडली. पट्टीवरचं नाव वाचलं.

"कधीपासून?"

"ताप आल्यापासून."

"इथं आल्यावरसुद्धा?"

"हो."

"मी इकडून रक्त चढवतेय आणि तुम्ही तिकडून..." त्यांना पुढचं बोलवेना. मग बोलल्या, आणि चांगलंच बोलल्या. "नाही नाही ते आजार शोधत बसले मी. वरिष्ठांना फोन केले. तुमच्यासारखा शिकलेला माणूस असं करतो?"

"मिसेसना सांगू नका," मी म्हणालो.

"ते तुमचं तुम्ही बघा. मला वॉर्ड आहे." पट्टी त्यांनी ॲप्रनच्या खिशात घातली.

"मॅडम, मग तिच्या तुडवण्यानं झालं नाही ना?"

त्या दारापर्यंत गेल्या होत्या, थांबल्या. "कशानं सुरू झालं ते छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकणार नाही. काहीही न करता होतं कधीकधी. पण का थांबत नव्हतं, ते आता मला कळलं."

गोळ्या बंद. प्लेटलेट दिल्या, पुण्याचं लांबलं, मग रद्दच झालं. हळूहळू आकडे चढले. एक दिवस दही-भाताची चव लागली. एक वॉर्डबॉय होता, पाय उचलताना क्रिकेटबद्दल असं काही भांडण उकरून काढायचा की दुखणं मधल्या मधे निघून जाई. त्याचे उपकार फिटणार नाहीत.

सुनंदा बाहेरच्या बाकड्यावरच होती. तिला मी काही सांगितलं नाही. स्वतःला समजावलं, घरी गेल्यावर सांगू.

घरी

घरी गेल्यावरही सांगितलं नाही. वॉकर आला. गुडघा केव्हाही दगा द्यायचा. फिजिओथेरपीची मुलगी यायची, तिनं सुनंदाला दाखवलं: टाच एका हातात धरायची, दुसऱ्या हातानं गुडघा दाबून पाय सरळ करायचा, दुखेल, तरी करायचं. "दिवसातून दोन-तीनदा घरच्यांनी केलं तर लवकर उभे राहतील."

"मला नाही जमायचं," सुनंदा म्हणाली. "तुम्हीच येत जा." आणि उठून आत गेली. मग ती मुलगी येईल तेव्हाच व्यायाम. पाय मागंच राहिला.

भेटायला येणाऱ्यांचा रतीब सुरू झाला. गोष्ट माझ्या आधी घरोघर पोचली होती, आणि पोचता पोचता तिचा विनोद झाला होता. "वहिनी, आमच्या ह्यांचीही पाठ धरलीय. येता का?" "काळे साहेब, घरात हेल्मेट घालून झोपा." सुनंदा हसायची, चहा टाकायची. अक्कलकोटहून तिच्या आईचा, आमच्या अव्वांचा, दर गुरुवारी फोन यायचा. मठात जाऊन आले, तुझ्या हातून झालं ते पदरात घ्या म्हणून सांगून आले. सुनंदा "हूं, अव्वा" म्हणायची. मी पलीकडच्या खोलीतून ऐकायचो. महिने गेले.

एका रविवारी अण्णा जेवायला होते. शेंगाची चटणी, कडक भाकरी, वांग्याची भाजी. मी वॉकर भिंतीला टेकवून खुर्चीवर. अण्णा खुशीत होते.

"आता बरा झालास न्हवं? परत एकदा तुडवून घे सुनंदाकडनं. ऱ्हायलेलं काम पुरं हुईल."

सुनंदा भाजी वाढत होती. हसली. ते हसू मला बघवेना.

"अण्णा," मी म्हणालो, "तिनं काही केलं नाही. मी दुखण्याच्या गोळ्या खात होतो. डॉक्टर नको म्हणाले होते तरी. दवाखान्यातसुद्धा."

"कसल्या गोळ्या?"

मी सगळं सांगितलं. अण्णांचा घास हातातच राहिला. "आन् मी हिला सगळ्या वॉर्डासमोर... लेका दत्ता, तू जागा हुतास तवा?"

"जागा होतो."

सुनंदाच्या हातात पळी तशीच. ती म्हणाली, "चष्म्याच्या डबीत?"

"हो."

"ती मीच दिली तुम्हाला. पुसून." मग विचारलं, "मॅडमना ठाऊक होतं?"

"दवाखान्यातच सांगितलं त्यांना."

"तेव्हा मी कुठं होते?"

"बाहेर. बाकड्यावर."

"दार उघडंच होतं की हो," ती म्हणाली.

तिनं अण्णांना भाजी वाढली, भात वाढला, ताक दिलं. स्वतः जेवली नाही. अण्णा जाताना तिच्यासमोर उभे राहिले. "येतो," म्हणाले आणि गाडीला किक मारली.

फोन

बरेच दिवस ती कामापुरतं बोलायची. मी माफी मागितली तर म्हणाली, "इतके महिने मी पायाचा जोर आठवत बसले. तुम्ही जोर दे, जोर दे म्हणत होतात, तरी वाटायचं आपण कमी द्यायला पाहिजे होता. आता मला सांगून काय होणार? ज्यांना ज्यांना माझं कळलंय, त्यांना सांगा."

पहिला फोन अव्वांना केला. त्यांना दोनदा सांगावं लागलं. "म्हणजे जावईबापू, माझ्या लेकीनं काय केलं न्हाई?"

"नाही अव्वा."

पलीकडं त्या कुणाशी तरी कानडीत काही बोलल्या. मग परत फोनवर आल्या, आवाज बारीक झालेला. "मग एवढं गुरुवार मी काय मागत होते हो?"



बाकीच्या फोनांनी मात्र मला पुरतं जेरीला आणलं. मला वाटलं होतं, खरं सांगायला धीर लागतो, सांगितलं की झालं. पण लोकांना आधीची गोष्ट आवडली होती. ती मजेशीर होती. "जाऊ द्या हो, झालं गेलं." "प्लेटलेट आता किती?" ऑफिसातला एक सहकारी तर सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "काळे साहेब, वहिनींसाठी बोलताय, कळतं की आम्हाला. असाच नवरा पाहिजे." मी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो हसत राहिला. माझ्या खोट्यावर सगळ्यांनी एका शब्दात विश्वास ठेवला होता, आणि खरं पटवताना माझा घसा कोरडा पडला. कितीजणांना पटलं, माहीत नाही. म्हणून हे लिहून काढलं. लिहिलेल्यावर तरी कोणी म्हणणार नाही की मी कौतुकासाठी बोलतो आहे.

ज्यांच्या घरी आत्ता डेंग्यूचा ताप आहे त्यांना एवढंच सांगतो. कपाट, ऑफिसची पिशवी, स्कूटरची डिकी, चष्म्याची डबी, जिथं जिथं गोळ्या असतील त्या सगळ्या डॉक्टरांच्या टेबलावर ओता. आधी काय घेतलंय ते सांगा. ओरडा खावा लागेल, खा. ताप उतरला म्हणून कामावर जाऊ नका. तुमच्यावाचून काही अडत नाही, कोणी कितीही म्हणो. पाय सरळ होत नसेल, जांघेत दुखत असेल, तर कंबर आखडली म्हणून अंग दाबून घेऊ नका, दवाखाना गाठा. आणि शेजारी बसलेलं माणूस तुमच्या वाट्याचं बोलून घेत असेल, तर तिथल्या तिथं तोंड उघडा. नंतर फार जड जातं.

मागच्या आठवड्यात फिजिओथेरपीची मुलगी गावाला गेली. मी पलंगावर एकटाच पाय ताणायचा प्रयत्न करत होतो, जमत नव्हतं. सुनंदा दारात उभी राहून बघत होती. मग आत आली, पदर खोचला, माझ्या पायाशी बसली. टाच एका हातात घेतली, दुसरा हात गुडघ्यावर ठेवला आणि दाबलं.

"दुखतंय," मी म्हणालो.

"खरं?"

"खरं."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. जोर कमी केला नाही.